षष्ठीतलं नाम आणि त्यामागचं ‘दॅट’: इंग्रजीतली एक अवघड जागा

इंग्रजी लिहिताना एक रचना वारंवार लागते. आधी कुणाचं तरी नाव अपॉस्ट्रॉफी एस लावून, म्हणजे षष्ठीत, येतं, मग एक नाम आणि त्याच्यामागे ‘दॅट’ने सुरू होणारं उपवाक्य. बातम्या, निबंध, कार्यालयीन अहवाल, संशोधन निबंध, सगळीकडे ती दिसते. दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. इंग्रजी उदाहरणं इथे देवनागरीतच दिली आहेत, अपॉस्ट्रॉफीची जागा तेवढी चिन्हाने दाखवली आहे.

टॉम’ज क्लेम दॅट ही हॅड पेड द बिल वॉज फॉल्स.
टॉम’ज क्लेम दॅट द मॅनेजर रिजेक्टेड वॉज फॉल्स.

पहिल्याचा अर्थ: आपण बिल भरलं होतं, हा टॉमचा दावा खोटा होता. दुसऱ्याचा अर्थ: मॅनेजरने फेटाळलेला टॉमचा दावा खोटा होता. सुरुवातीचे तीन शब्द तेच आणि शेवटचे दोनही तेच, पण मधलं ‘दॅट’ दोन्हीकडे एक नाही. पहिल्यात ते नुसतं उभयान्वयी अव्यय आहे, दाव्यात काय म्हटलंय ते सांगायला आलेलं. दुसऱ्यात ते संबंधी सर्वनाम आहे, दावा कोणता ते सांगणारं. शाळेच्या भाषेत पहिलं नाउन क्लॉज, दुसरं अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. स्वल्पविराम, ‘दॅट’ गाळणं, ‘विच’ वापरणं या सगळ्याचे निर्णय हा फरक ओळखण्यावर अवलंबून असतात, म्हणून आधी ओळखायची रीत पाहू.

मराठी माणसाला यात एक आयती सोय आहे. वाक्य मनात मराठीत फिरवा. ‘दॅट’च्या जागी ‘की’ किंवा ‘असा’, ‘हा’ बसत असेल, तर ते नाउन क्लॉज. ‘जो’, ‘जी’, ‘जे’ बसत असेल, तर अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. ‘आपण बिल भरलं, असा टॉमचा दावा’ इथे ‘असा’ आहे. ‘टॉमचा जो दावा मॅनेजरने फेटाळला’ इथे ‘जो’ आहे. मराठीने ही दोन कामं दोन वेगळ्या शब्दांना वाटून दिली आहेत, इंग्रजीने एकाच शब्दावर लादली आहेत.

खात्री करायला इंग्रजीतल्या इंग्रजीतही तीन चाचण्या आहेत. पहिली आणि सर्वांत भरवशाची म्हणजे ‘दॅट’नंतरचं वाक्य सुटं करून वाचणं. ‘ही हॅड पेड द बिल’ हे पूर्ण वाक्य आहे, त्यात काही कमी नाही. ‘द मॅनेजर रिजेक्टेड’ वाचल्यावर मात्र काय फेटाळलं, हा प्रश्न उरतो. जागा रिकामी असेल तर ते अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. दुसरी चाचणी, ‘दॅट’च्या जागी ‘विच’ घालून बघणं. ‘टॉम’ज क्लेम विच द मॅनेजर रिजेक्टेड’ चालतं, ‘टॉम’ज क्लेम विच ही हॅड पेड द बिल’ अजिबात चालत नाही. तिसरी, नाम आणि ‘दॅट’ यांच्यामध्ये ‘इज’ घालणं: ‘टॉम’ज क्लेम इज दॅट ही हॅड पेड द बिल’ व्यवस्थित वाक्य होतं, म्हणजे नाउन क्लॉज. एखाद्या चाचणीने समाधान झालं नाही तरच दुसरी लावा, प्रत्येक वेळी तिन्हींची गरज नसते.

‘दॅट’ मालकाला चिकटत नाही

षष्ठीतल्या नामामागून आलेलं उपवाक्य अपॉस्ट्रॉफीनंतरच्या नामाला लागतं, अपॉस्ट्रॉफीआधीच्या मालकाला नाही. हा नियम मोडला की वाक्य एकतर हास्यास्पद होतं किंवा चुकीचं:

आय सॉ द मॅन’ज कार दॅट लिव्ह्ज नेक्स्ट डोअर.

शेजारी राहणाऱ्या माणसाची गाडी पाहिली, असं म्हणायचं होतं. झालं काय, तर गाडीच शेजारी राहायला आली. ‘दॅट’ बदलून ‘हू’ घातलं तरी वाक्य सुधारत नाही, कारण ‘हू’ला लागून माणूस हवा आणि लागून आहे ‘कार’. ही चूक होण्याचं कारण उघड आहे. मराठीत विशेषण-वाक्य आधी येतं आणि मालकाला थेट चिकटतं: ‘शेजारी राहणाऱ्या माणसाची गाडी’. इंग्रजीत उपवाक्य मागे जातं आणि मागे गेल्यावर त्याची मालकापासून ताटातूट होते.

दुरुस्ती ‘ऑफ’ने होते: ‘द कार ऑफ द मॅन हू लिव्ह्ज नेक्स्ट डोअर’. इथे ‘मॅन’ आणि ‘हू’ शेजारी आले. मालकाबद्दल स्वतंत्र माहितीच द्यायची असेल, तर दोन वाक्यं करा किंवा ‘हूज’ वापरा: ‘द मॅन हूज कार आय सॉ लिव्ह्ज नेक्स्ट डोअर’. बोलण्यात इंग्रज माणूस अख्ख्या शब्दसमूहाला एस लावून ‘द मॅन हू लिव्ह्ज नेक्स्ट डोअर’ज कार’ असंही बोलून जातो. व्याकरणात याला ग्रूप जेनिटिव्ह म्हणतात. बोलताना ते खपतं, औपचारिक लेखनात टाळावं. शेक्सपिअरच्या काळातल्या इंग्रजीत ‘हिज’, ‘हर’ या शब्दांमागून मालकाला लागणारं ‘दॅट’ सापडतं. जुनं साहित्य वाचताना ते दिसलं तर गोंधळू नका, आज मात्र तसं लिहू नका.

कोणती नामं हे ‘दॅट’ घेतात

नाउन क्लॉज घेणारी नामं बहुतेक करून बोलणं, वाटणं, जाणणं यांच्या क्रियापदांवरून आलेली असतात. क्लेम, बिलीफ, होप, फिअर, सस्पिशन, डिनायल, अ‍ॅडमिशन, कन्क्लूजन, डिस्कव्हरी, अनाउन्समेंट, वॉर्निंग, कम्प्लेंट, प्रॉमिस, रिअलायझेशन ही रोजच्या वापरातली. सोपी परीक्षा: मूळ क्रियापद ‘दॅट’ घेतं का? ‘टॉम बिलीव्ह्ज दॅट’ चालतं, म्हणून ‘टॉम’ज बिलीफ दॅट’ चालतं. ‘टॉम रिफ्यूज्ड दॅट’ चालत नाही, म्हणून ‘टॉम’ज रिफ्यूजल दॅट’ही नाही. तिथे ‘टॉम’ज रिफ्यूजल टु पे’ म्हणायचं. अटेम्प्ट आणि अ‍ॅबिलिटी याच पंगतीतले, दोघांनाही ‘टु’ लागतं. आपण जाण्याचा बेत टॉमने केला असेल, तर तिथेही ‘टॉम’ज प्लॅन टु गो’, ‘प्लॅन दॅट ही विल गो’ नव्हे.

‘क्वेश्चन’ला ‘दॅट’ नको, ‘वेदर’ हवं: ‘मेरी’ज क्वेश्चन वेदर द डेटा वॉज करेक्ट’. ‘फॅक्ट’ ‘दॅट’ घेतं पण मालक घेत नाही. वस्तुस्थिती कुणाच्या मालकीची नसते, त्यामुळे ‘टॉम’ज फॅक्ट दॅट ही इज रिच’ असं वाक्य होतच नाही. ‘द फॅक्ट दॅट टॉम इज रिच’ लिहा. ‘रीझन’चंही थोडं वेगळं आहे. ‘टॉम’ज रीझन दॅट ही वॉज लेट’ लिहू नका. कारण काय होतं ते सांगायचं असेल तर ‘टॉम’ज रीझन फॉर बीइंग लेट वॉज दॅट ही हॅड मिस्ड द बस’ ही रचना घ्या.

दोन नामांवर मराठी लेखक हमखास अडखळतो. एक ‘डाउट’. मराठीत ‘तो खोटं बोलतोय अशी मला शंका आहे’ म्हणजे तो खोटं बोलत असावा असं वाटतं. इंग्रजीत ‘मेरी’ज डाउट दॅट टॉम वॉज लाइंग’चा अर्थ जवळजवळ उलटा होतो: टॉम खोटं बोलत होता, हे मेरीला पटत नव्हतं. आपल्याला हवा असतो ‘मेरी’ज सस्पिशन दॅट टॉम वॉज लाइंग’. दुसरं ‘डिनायल’. या नामाच्या पोटातच नकार आहे. ‘टॉम’ज डिनायल दॅट ही हॅड टेकन द मनी’ म्हणजे पैसे घेतल्याचा टॉमने केलेला इन्कार. त्यात आणखी एक ‘नॉट’ घातलं की टॉम आपण पैसे घेतले नव्हते ही गोष्टच नाकारू लागतो, म्हणजे कबुलीच देतो.

सर्वनाम आणि काळ

मराठीतला ‘की’ उदार आहे. त्याच्यामागे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात: ‘टॉमचा दावा आहे, की मी निर्दोष आहे.’ ‘मी’ म्हणजे टॉम, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. इंग्रजी ‘दॅट’ ही सवलत देत नाही. ‘टॉम’ज क्लेम दॅट आय अ‍ॅम इनोसेंट’ लिहिलंत, तर ‘आय’ म्हणजे तुम्ही, लिहिणारे. टॉमने तुमची बाजू घेतली असा अर्थ होतो. म्हणून ‘टॉम’ज क्लेम दॅट ही इज इनोसेंट’. या प्रकरणातली सर्वांत महागात पडणारी चूक बहुधा हीच, कारण वाक्य व्याकरणात बसतं, संगणकाची शुद्धलेखन तपासणी काही बोलत नाही आणि अर्थ मात्र दुसऱ्याच माणसावर जाऊन बसतो.

काळाचंही तेच. मुख्य वाक्य भूतकाळात असेल तर इंग्रजीत उपवाक्य साधारणपणे एक पायरी मागे सरकतं: ‘टॉम’ज क्लेम दॅट ही वॉज इल सरप्राइज्ड अस’. मराठीच्या सवयीने ‘इज इल’ लिहिलं जातं. गोष्ट आजही खरी असेल, तर वर्तमानकाळ ठेवायला हरकत नाही: ‘द टीचर’ज रिमार्क दॅट वॉटर बॉइल्स अ‍ॅट अ लोअर टेम्परेचर ऑन अ माउंटन सरप्राइज्ड द क्लास’.

‘ही’ कोण, हा प्रश्न दोन पुरुष एकत्र आले की उभा राहतो. ‘टॉम’ज ब्रदर’ज क्लेम दॅट ही वॉज इल’ यात आजारी कोण, टॉम की भाऊ? व्याकरण दोन्ही परवानग्या देतं. इथे चलाखी न करता नाव पुन्हा लिहावं.

याच्या शेजारचा एक जुना वाद आहे: षष्ठीतलं नाम सर्वनामाचं पूर्वपद, म्हणजे सर्वनाम ज्याच्याऐवजी येतं ते नाम, होऊ शकतं का? ‘मेरी’ज क्लेम दॅट शी हॅड पेड’ यात ‘शी’ ज्याच्याकडे बोट दाखवते ते ‘मेरी’ नाम म्हणून उभंच नाही, ‘मेरी’ज’ तर विशेषणाचं काम करतंय, असा आक्षेप काही जुन्या नियमपुस्तिका घेतात. 2002 साली अमेरिकेतल्या पीएसॅट परीक्षेत चुका शोधण्याच्या प्रश्नात असं एक वाक्य आलं होतं. त्यात कादंबरीकार टोनी मॉरिसन यांचं नाव षष्ठीत होतं आणि पुढे ‘हर’ होतं. परीक्षकांच्या मते वाक्यात चूक नव्हती. एका शिक्षकाने हा नियम दाखवून हरकत घेतली आणि 2003 मध्ये तो प्रश्न गुणांतून वगळावा लागला. आमचं मत परीक्षकांच्या बाजूने आहे. चांगले इंग्रजी लेखक अशी सर्वनामं सर्रास वापरतात आणि वाचकाला एका क्षणाचाही गोंधळ होत नाही. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्याने मात्र हा आक्षेप माहीत ठेवावा.

मागणी, शिफारस, आग्रह

डिमांड, रेकमेंडेशन, रिक्वेस्ट, सजेशन, इन्सिस्टन्स या नामांमागे काय घडलं हे नसतं, काय घडावं हे असतं. तिथे क्रियापद मूळ रूपात राहतं: ‘द डॉक्टर’ज रेकमेंडेशन दॅट ही रेस्ट फॉर अ वीक’. ‘रेस्ट्स’ नाही, आणि मुख्य वाक्य भूतकाळात असलं तरी ‘रेस्टेड’ही नाही. ब्रिटिश वळणात ‘शुड रेस्ट’ही सर्रास चालतं आणि मराठीतल्या ‘घ्यावी’शी ते जुळतं, त्यामुळे शंका आली तर ‘शुड’ घाला. नकार द्यायचा तर ‘नॉट’ नुसतं क्रियापदाआधी येतं: ‘द डॉक्टर’ज रेकमेंडेशन दॅट ही नॉट ट्रॅव्हल’. ‘डझ नॉट’ लिहिलं की शिफारस जाते आणि साधं विधान उरतं.

‘इन्सिस्टन्स’ आणि ‘सजेशन’ दोन्हीकडे खेळतात. ‘मेरी’ज इन्सिस्टन्स दॅट टॉम वॉज प्रेझेंट’ म्हणजे टॉम हजर होताच, असं मेरी ठासून सांगत होती. ‘मेरी’ज इन्सिस्टन्स दॅट टॉम बी प्रेझेंट’ म्हणजे टॉमने हजर राहावं असा तिचा आग्रह. एका क्रियापदाच्या रूपावर साक्ष की हट्ट, हे ठरतं.

स्वल्पविराम, ‘विच’ आणि गाळलेलं ‘दॅट’

मराठीत ‘की’आधी स्वल्पविराम देण्याची सवय हाताला असते, तीच इंग्रजीत उतरते: ‘टॉम’ज क्लेम, दॅट ही वॉज इल, वॉज फॉल्स’. नेहमीच्या वाक्यात हे दोन्ही स्वल्पविराम नकोत. दावा आधीच सांगून झालेला असेल आणि त्याची केवळ आठवण करून द्यायची असेल, तरच ते शोभतात.

अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉजमध्ये जास्त बारकावा आहे. ‘टॉम’ज’ म्हटल्यावर वस्तू बहुतेक वेळा ओळखली गेलेली असते. मग ‘टॉम’ज कार दॅट ही बॉट लास्ट इयर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, टॉमच्या बऱ्याच गाड्या आहेत आणि त्यातली गेल्या वर्षीची एक. एकच गाडी असेल तर स्वल्पविराम आणि ‘विच’: ‘टॉम’ज कार, विच ही बॉट लास्ट इयर, हॅज ब्रोकन डाउन’. खरोखरच अनेकांतून एक निवडायची असेल, तर इंग्रजीत दुहेरी षष्ठीची सुबक रचना आहे: ‘दॅट कार ऑफ टॉम’ज दॅट ही बॉट लास्ट इयर’, किंवा अनेकवचनात ‘दोज बुक्स ऑफ मेरी’ज दॅट आय बॉरोड’. इथे ‘ऑफ’ही आहे आणि अपॉस्ट्रॉफी एसही आहे. ते चुकून दोनदा आलेलं नाही, काढू नका.

‘दॅट’ गाळता येतं का? अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉजमध्ये ‘दॅट’ कर्माच्या जागी असेल तर येतं: ‘दोज बुक्स ऑफ मेरी’ज आय बॉरोड’. कर्त्याच्या जागी असेल तर येत नाही. नाउन क्लॉजमध्ये क्रियापदानंतर ते बिनधास्त गाळतात, ‘टॉम सेड ही वॉज इल’ अगदी नेहमीचं आहे, पण नामानंतर ठेवलेलं बरं. ‘टॉम’ज क्लेम ही वॉज इल’ वर्तमानपत्री शैलीत दिसतं, तरी वाचताना ठेच लागते.

पुढचं क्रियापद कुणाचं

उपवाक्य लांबलं की मुख्य क्रियापदापर्यंत पोचेतो कर्ता विसरला जातो. ‘द वर्कर्स’ बिलीफ दॅट द मशीन्स आर सेफ इज राँग’ यात दोन अनेकवचनी नामं आजूबाजूला आहेत, तरी कर्ता एकवचनी ‘बिलीफ’ आहे, म्हणून ‘इज’. तपासताना ‘दॅट’पासून उपवाक्याच्या शेवटपर्यंतचा मजकूर बोटाने झाका आणि उरलेलं वाचा: ‘द वर्कर्स’ बिलीफ इज राँग’. अनेकवचनी मालकाची अपॉस्ट्रॉफी एसनंतर येते हेही याच वेळी बघून घ्या. ‘चिल्ड्रन’सारख्या शब्दांना मात्र अपॉस्ट्रॉफी एस. दोघांनी मिळून एक दावा केला असेल तर एस फक्त दुसऱ्याला, ‘टॉम अँड मेरी’ज क्लेम’. दोघांचे वेगवेगळे असतील तर दोघांनाही, आणि मग ‘क्लेम्स’.

दोन्ही अर्थ निघत असतील तर

कधीकधी कुठलीच चाचणी निकाल देत नाही:

टॉम’ज मेसेज दॅट मेरी फरगॉट

मेरी विसरलेला टॉमचा निरोप, की मेरी विसरली असं सांगणारा टॉमचा निरोप? ‘फरगेट’ कर्मासह आणि कर्माशिवाय दोन्ही प्रकारे चालतं, त्यामुळे रिकामी जागा आहे की नाही हे सांगता येत नाही. पहिला अर्थ हवा असेल तर ‘विच’ लावा. दुसरा हवा असेल तर मध्ये ‘सेइंग’ घाला: ‘टॉम’ज मेसेज सेइंग दॅट मेरी फरगॉट’.

गुंता सोडवणं

या रचनेचा अतिरेक फार लवकर होतो, विशेषतः अहवालांत. हे वाक्य पाहा:

द कंपनी’ज डिनायल दॅट द ऑडिटर’ज कन्क्लूजन दॅट द फिगर्स वेअर राँग वॉज करेक्ट सरप्राइज्ड द मेंबर्स.

व्याकरणात एकही चूक नाही, आणि पहिल्या वाचनात कुणालाही कळणार नाही. एकात एक दोन ‘दॅट’ आणि शेवटी क्रियापदांची गर्दी. उकलायचं असं: सर्वांत आतलं षष्ठीतलं नाम शोधा, इथे ‘ऑडिटर’ज कन्क्लूजन’. त्याचं परत क्रियापद करा, मालकाला कर्ता करा: ‘द ऑडिटर कन्क्लूडेड दॅट द फिगर्स वेअर राँग’. मग बाहेरचं: ‘द कंपनी डिनाइड धिस’. शेवटी उरलेलं जोडा: ‘विच सरप्राइज्ड द मेंबर्स’. इथे ‘विच’आधी स्वल्पविराम हवा, नाहीतर ते नुसत्या ‘धिस’ला चिकटू पाहतं. एका वाक्याची दोन वाक्यं झाली तरी बिघडत नाही.

मालकाचंच नाव लांबलचक असेल, तर मात्र क्रियापदापर्यंत जाण्याची गरज नसते. ‘द चेअरमन ऑफ द फायनान्स कमिटी’ज क्लेम दॅट’ लिहिण्याऐवजी ‘द क्लेम बाय द चेअरमन ऑफ द फायनान्स कमिटी दॅट’ लिहा. दाव्यासाठी ‘ऑफ’पेक्षा ‘बाय’ चांगलं, कारण ‘ऑफ’ने कधीकधी दावा कशाचा आहे असा भलता अर्थ डोकावतो. ‘दॅट’ मग ‘क्लेम’पासून सहासात शब्द दूर जातं, पण इंग्रजी वाचक तेवढं अंतर सहज पेलतो, बशर्ते मधल्या शब्दांत ‘दॅट’ घेणारं दुसरं नाम नसेल. ‘कमिटी’ ‘दॅट’ घेत नाही, म्हणून वरचं वाक्य सुरक्षित आहे. तिथे ‘द चेअरमन ऑफ द कम्प्लेंट्स कमिटी’ असतं तरीही अडचण नव्हती, कारण ‘दॅट’ला लागून ‘कमिटी’च आहे. ‘द क्लेम इन द चेअरमन’ज वॉर्निंग दॅट’ असं झालं तर मात्र ‘दॅट’ जवळच्या ‘वॉर्निंग’ला जाऊन चिकटेल, आणि तिथे वाक्य नव्याने मांडावंच लागेल.